सावित्रीचा पूल आणि आघूर्णाचं गणित

आज फिजिक्स. घाबरू नका, सगळं गणित एकाच खांबाचं आहे.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र महाड-पोलादपूरकडच्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. मुंबई-गोवा महामार्गावरचा, सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या दोन एसटी आणि आणखी वाहनं माणसांसकट वाहून गेली. तेव्हापासून एक प्रश्न सारखा ऐकतोय: एवढा जड दगड, त्याला पाणी पाडतंच कसं?

जोर किती, हे अर्धंच उत्तर. तो टेकूपासून किती लांब लागतो, हे उरलेलं. जोर गुणिले टेकूपासूनचं लंब अंतर म्हणजे मोमेंट, पाठ्यपुस्तकातलं आघूर्ण. धोंडा उलथताना आपण पहार टोकाला धरतो ती यासाठीच.

आता एक दगडी खांब घ्या. उंची ५ मीटर, प्रवाहाच्या दिशेने लांबी २, रुंदी १. (आकडे माझे आहेत, सावित्रीच्या पुलाचे नाहीत.) दगडी बांधकाम घनमीटरला अडीच टन धरलं, तर वजन २५ टन.

टेकू कुठला? खांब कलंडलाच तर प्रवाहाच्या खालच्या अंगाच्या तळकडेवर कलंडेल. मोमेंट तिथूनच मोजायची. कलंडण्याच्या क्षणी जमिनीचा जोर त्याच कडेवर असतो, अंतर शून्य, म्हणून तो गणितातून गळून जातो. माझ्या मते अर्धी गणितं इथेच सुटतात, आणि क्लासमध्ये नेमकी हीच पायरी उरकून टाकतात.

वजन मध्यातून, म्हणजे कडेपासून १ मीटरवर. सावरणारी मोमेंट २५ टन-मीटर. पुराचा रेटा ५ टन, साधारण मध्यावर, अडीच मीटरवर. पाडणारी साडेबारा. म्हणजे निवांत?

नाही. खांब पूर्ण बुडाला आणि तळाशीही पाणी शिरलं, की १० घनमीटर पाणी त्याला १० टनांनी वर उचलतं. उरले १५. पंधरा विरुद्ध साडेबारा! आता वाहत आलेलं झाड वरच्या टोकाला अडकलं. त्याचा रेटा फक्त १ टन, पण ५ मीटरवर. पाडणारी साडेसतरा. खांब गेला.

आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट. महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरणाऱ्या नदीला हे अवघड नाही. त्यातच पुराचं पाणी खांबाच्या पायथ्याची माती उकरतं. मग आपण धरलेला टेकूच जागेवर राहत नाही. तिथे हे गणित थांबतं, पायाची तपासणी सुरू होते.

नवा पूल १६५ दिवसांत झाला, ५ जून २०१७ ला खुला झाला.

जाता जाता तुमच्यासाठी: आपल्या खांबाची लांबी २ ऐवजी ३ मीटर करा, बाकी सगळं तेच. पाण्यातलं वजन साडेबावीस टन, अंतर दीड मीटर. सावरणारी मोमेंट काढा आणि कळवा. दगड दीडपट लागला, मोमेंट किती पट झाली?