जुनी मोटारसायकल सुरू का होत नाही?

1955 साली मद्रास येथे एनफील्ड बुलेटची जुळणी सुरू झाली. आरंभी सुटे भाग इंग्लंडहून येत. पुढे ती संपूर्णपणे भारतातच बनू लागली. सैन्य, पोलीस, खेड्यापाड्यांतील दूधवाले अशा नाना प्रकारच्या लोकांच्या हाती ती गेली आणि पॉइंटवर चालणाऱ्या त्या पिढीतील कितीतरी गाड्या आजही रस्त्यावर आहेत. पावसाळाभर पडवीत उभी राहिलेली अशी एखादी गाडी सुरू होईनाशी झाली म्हणजे काय करावे, एवढाच या व्याख्यानाचा विषय आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याचे दुधाचे कॅन पहाटे निघावयाचे असतात त्याला तो तसा वाटत नाही. शिवाय अशा वेळी इंजिन पुष्कळदा विनाकारण खोलले जाते. हेड उतरते, पिस्टन बदलतो, पैसे खर्च होतात, आणि दोष असतो तो पॉइंटवर जमलेल्या केसाहून पातळ थराचा. याचे कारण बहुधा अधीरता हे असते. मालक प्लग बदलतो, त्याच दमात कार्बोरेटरचा स्क्रू फिरवतो, शेजाऱ्याने सांगितले म्हणून टायमिंगलाही हात घालतो. मूळच्या एका दोषात आणखी दोन दोषांची भर पडते आणि मग कसलेल्या मिस्त्रीलाही ते कोडे उलगडत नाही. एका वेळी एकच गोष्ट तपासावी; ती निर्दोष ठरली तर होती तशी ठेवून पुढे जावे.

बुलेटचे इंजिन 346 सी.सी.चे, एका सिलिंडरचे व फोर-स्ट्रोक जातीचे आहे. त्याला सुरू होण्यास तीन गोष्टी पुरतात : पेट्रोल व हवा यांचे योग्य मिश्रण, ते मिश्रण दाबले जाणे, आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. कोणती गोष्ट कमी आहे याचा पहिला सुगावा हत्यारे काढण्यापूर्वीच मिळू शकतो. गाडी शेवटची बंद पडली ती कशी, हे मालकास विचारावे. दिवा मालवावा तशी एकाएकी बंद पडली असेल तर संशय विजेवर घ्यावा. आचके देत, फुरफुरत थांबली असेल तर पेट्रोलवर.

त्यानंतर प्लग काढून पाहावा. दहा-बारा किका मारल्यानंतरही तो कोरडा असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचलेलेच नाही. ओला असून त्याला पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल येत आहे, पण पेटत नाही. एवढ्यावरून अर्धे काम होते. तरीही पुष्कळ जण जुना प्लग न पाहताच फेकून देतात, याचे नवल वाटते.

प्लग कोरडा निघाला तर टाकीपासून खाली यावे. कॉक उघडला आहे काय, तो रिझर्व्हवर करून पाहिला काय, हे प्रश्न विचारण्यात कमीपणा मानू नये. टाकीच्या झाकणाचे वायुछिद्र बुजले असेल तर आत निर्वात अवस्था निर्माण होऊन पेट्रोल उतरत नाही. झाकण उघडताच ‘फस्’ असा आवाज येतो, तो याच दोषाचा. नळी कार्बोरेटरपासून सोडवून बाटलीत धरावी. धार अखंड असेल तर दोष पुढे, कार्बोरेटरमध्ये आहे. फ्लोटच्या भांड्यातील पेट्रोल काचेच्या पेल्यात काढले असता तळाशी पाण्याचे थेंब वेगळे दिसतात. 2025 पर्यंत देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांच्या घरात गेले आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबरी भागांना ते मानवत नाही. म्हणून दीर्घकाळ उभ्या गाडीत ही तपासणी पूर्वीपेक्षा अधिक अगत्याची झाली आहे. शिळ्या पेट्रोलचा डिंकासारखा थर पायलट जेटचे सूक्ष्म छिद्र बंद करतो. ते पंपाच्या हवेने फुंकावे. तारेने कोरू नये, कारण पितळ मऊ असते व मोठे झालेले छिद्र पुन्हा लहान होत नाही.

प्लग ओला निघाला तर विजेकडे वळावे. प्लग पुसून टोपीत बसवावा, त्याचे धातूचे अंग सिलिंडरच्या पाकळ्यांना टेकवावे व किक मारावी. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, ती पेट घेऊ शकते. म्हणून ठिणगी त्या भोकापासून दूर असावी. ठिणगी निळसर व ठसठशीत हवी. ती तांबूस व मलूल असेल, किंवा मुळीच नसेल, तर प्रथम दुसरा, चांगला असल्याची खात्री असलेला प्लग लावून पाहावा. मग टोपी, मग जाड वायर, आणि मग पॉइंट.

येथे बुलेटच्या मालकाला एक सोय फुकट मिळालेली आहे. हेडलॅम्पच्या वरच्या भागात बसवलेला लहानसा अँमीटर पुष्कळांना केवळ शोभेचा वाटतो. बॅटरी व कॉइलवर चालणाऱ्या गाडीत चावी फिरवून किक हळूहळू दाबावी. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून प्रवाह वाहतो व काटा उणे बाजूस झुकतो. पॉइंट उघडताच तो मध्यावर परततो. काटा असा डोलत असेल तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंतचा मार्ग धड आहे. तो मुळीच हलला नाही तर बॅटरी उतरली असेल, एखादी वायर तुटली असेल किंवा पॉइंटवर थर जमला असेल. तो उण्यावरच अडून राहिला तर पॉइंट उघडत नाहीत, किंवा मार्ग कोठेतरी लोखंडाला टेकला आहे.

पॉइंट उघडण्याच्या क्षणीच कॉइलमधील चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि तिच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. म्हणून त्या दोन टिकल्यांचे पृष्ठ स्वच्छ असणे व त्यांच्यातील अंतर बरोबर असणे, यावर सारे अवलंबून आहे. पूर्ण उघडल्यावर अंतर 0.35 ते 0.40 मिलिमीटर असावे. ओलाव्याचा थर बारीक पॉलिश पेपरने व नंतर कोऱ्या कागदाच्या पट्टीने निघतो. टिकल्यांवर मोठ्या ठिणग्या उडत असतील व त्या जळून खडबडीत झाल्या असतील, तर कंडेन्सरचा संशय घ्यावा.

पेट्रोल आहे, ठिणगी आहे आणि तरीही इंजिन दाद देत नाही, अशा वेळी दाब पाहावा. किकला पायाखाली विरोध जाणवला पाहिजे. तो नसेल तर लगेच पिस्टनच्या रिंगांवर ठपका ठेवू नये. डीकॉम्प्रेसरची केबल ताठ राहिली असेल किंवा त्याची झडप काजळीने अडकली असेल तर दाब तेथूनच निसटतो. उजव्या बाजूचे टॅपेटचे झाकण काढून थंड इंजिनाच्या पुशरॉड, व्हॉल्व्ह मिटलेले असताना, बोटांनी फिरवून पाहाव्यात. त्या फिरत नसतील तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. हे दुरुस्त करण्यास दोन पाने पुरतात.

सारे ठीक झाल्यावर उरते ती किक मारण्याची रीत. किक जड लागेपर्यंत दाबावी, डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवावा, लिव्हर सोडावी, किक वर येऊ द्यावी आणि मग पायाचा पूर्ण भार टाकून ती तळापर्यंत न्यावी. अर्धवट किकेने इंजिन उलटा झटका देते व घोटा दुखावतो. योग्य रीतीने मारूनही असे झटके येत असतील तर पॉइंटखालील ऑटो-ॲडव्हान्सची वजने गंजून पुढच्या स्थितीत अडकली आहेत काय ते पाहावे. ती मोकळी झाल्याखेरीज त्या गाडीवर पुन्हा पाय ठेवू नये.

इंजिनाने सूर धरला म्हणजे थोडा वेग देऊन अँमीटरकडे पुन्हा पाहावे. काटा अधिक बाजूस सरकला तर बॅटरी भरू लागली आहे. उण्यावरच राहिला तर दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी पुन्हा सुरू होणार नाही, तेव्हा तो दोष त्याच संध्याकाळी शोधावा.