मानपत्र कोणाला?



सातारा-सांगलीच्या कार्यकर्त्यांचा आज आपण सत्कार करीत आहोत, ही आनंदाची गोष्ट. पण मानपत्रावर नाव एकाचे येते, राबणारे मात्र अनेक असतात. कर्मवीर भाऊराव पाटलांना १९५९ साली पद्मभूषण मिळाले. त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवत. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडले. त्यांना कोणते पदक मिळाले?

शासनाचा पूर्वीचा दलितमित्र, म्हणजे आताचा समाजभूषण पुरस्कार व्यक्तींबरोबर संस्थांनाही देतात, हे आम्हाला योग्य वाटते. आपणही तसे करावे. वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्या, भोजनदानाच्या दिवशी पहाटेपासून चुलीपाशी बसणाऱ्या उपासिकांना आधी व्यासपीठावर बोलवा. (शाल एकच असेल तर ती त्यांना द्या, पुढाऱ्यांकडे पुष्कळ साठल्या आहेत.) पुढील वर्षी दोन्ही जिल्ह्यांनी मिळून केलेल्या एखाद्या कामाला मानपत्र द्यावे व त्यावर सर्वांची नावे असावीत. कागद अपुरा पडला तर मागच्या बाजूस लिहू. आमचे अक्षर बरे आहे, ते काम आमच्याकडे द्यावे.