घरच्या घरी मालीश : कुठं चोळायचं, कुठं हात थांबवायचा

मी लासूर स्टेशनहून बोलते आहे. बचत गटाचं काम बघते, म्हणून हप्ता, व्याज, पासबुक हेच माझ्या तोंडी जास्त असतं. आज पैशाचं काही बोलणार नाही. आज अंग चोळण्याबद्दल बोलू या.

मीटिंगला आलेली बाई आधी काय करते? भिंतीला पाठ टेकवते. कापूस वेचणी असो नाहीतर कांद्याची लागवड, दिवसभर कंबर वाकलेली. कांदे काटायला उकिडवं बसलं की गुडघे धरतात, विळा धरलेल्या हाताचा अंगठा रात्रभर ठणकतो. घरी गेल्यावर सासूबाईंचे पाय चेपायचे, लेकराला तेल लावायचं, मालकांची पाठ दुखत असेल तर तीही चोळायची. आणि हिची पाठ? ती मेडिकलवरून आणलेल्या गोळीवर निभावते. उपाशीपोटी, रोज रोज घेतलेल्या त्या गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधतात. म्हणून म्हणते, ही विद्या आपण एकमेकींसाठी शिकून घेऊ. अवघड काही नाही.

पाठीपासून सुरू करा. जिची पाठ चोळायची तिला खुर्चीवर उलटं बसवा, खुर्चीच्या पाठीवर उशी ठेवून त्यावर डोकं टेकू द्या. खुर्ची नसेल तर भिंतीकडं तोंड करून पाटावर बसली तरी चालतं. कपडे काढायची गरज नाही, साडीवरूनही दाबता येतं. तेल लावायचं असेल तर करडईचं, तिळाचं, खोबरेल, घरात असेल ते घ्या. महागाची बाटली आणू नका. तेल कोमट हवं, आधी आपल्या मनगटावर थेंब टाकून बघा.

आता हात. आधी नुसते दोन्ही तळवे कमरेपासून खांद्यापर्यंत सावकाश वर न्या, बाजूनं खाली आणा. असं आठ-दहा वेळा. अंग गरम झालं की मग अंगठ्यानं दाबा, पण मणक्याच्या हाडावर नाही. हाडाच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतर सोडून जे मांस आहे, तिथं छोटे छोटे गोल करत वर जायचं. मान आणि खांदा यांच्यामध्ये जो भाग दगडासारखा झालेला असतो, तो चिमटीत धरून पीठ मळल्यासारखा सोडत-धरत राहायचा. जोर बोटांनी लावू नका, नाहीतर उद्या तुमचा अंगठा दुखेल. कोपर सरळ ठेवून अंगाचा भार द्या. आणि सारखं विचारा, “बाई, लागतंय का?” गोड दुखणं चालतं, पण श्वास रोखला की हात हलका करायचा. दहा मिनिटं पुरे झाली.

पाय चोळताना घोट्याकडून गुडघ्याकडं, म्हणजे खालून वर जायचं. गुडघ्याच्या वाटीवर दाबायचं नाही, तिच्या कडेनं चोळायचं. तळव्याला काशाची वाटी घासायची आपली जुनी रीत आहे, ती चांगलीच आहे. वाटी नसली तर मूठ वळून घासा.

बाळाचं मालीश तर आपल्याकडं घरोघर होतं. फ्रेडरिक लबॉयर नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी कलकत्त्यात एका आईला बाळाला मालीश करताना पाहिलं, तिचे फोटो काढले. १९७६ साली त्यांचं ‘शांताला’ हे पुस्तक आलं आणि परदेशातल्या आया ते बघून शिकल्या. पण आपल्याच रीतीतलं थोडं टाकून द्यायला हवं. बाळाच्या नाका-कानात तेल सोडू नका, नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं. छाती सुजल्यासारखी दिसली तरी पिळू नका, ती आपोआप बसते. उलटं टांगू नका. दूध पाजल्या पाजल्या चोळू नका. बाळ कमी वजनाचं असेल तर आधी आशाताईंना विचारा.

आता नीट ऐका, चुलीवर काही असेल तर खाली उतरवून ठेवा.

बाळंतिणीची एकच पिंढरी सुजली, दुखते, हाताला गरम लागते, तर ती अजिबात चोळायची नाही. आत रक्ताची गाठ असू शकते. चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. ऑपरेशननं बाळंत झालेलीच्या पोटाला टाके भरेपर्यंत हात लावू नका. गरोदर बाईचं पोट मूल फिरवायला म्हणून कुणालाही चोळू देऊ नका, मग ती कितीही जाणती असो.

घरात कुणाची छाती भरून आली, डावा हात किंवा जबडा दुखतोय, दरदरून घाम फुटलाय, तर तेलाची वाटी शोधू नका. आपल्याकडं “वात धरला” म्हणून चोळत बसतात आणि तो वेळ हार्ट अटॅकचा असतो. १०८ ला फोन लावा, ती गाडी फुकट येते. पडून हात-पाय सुजला असेल तर हाड मोडलेलं असू शकतं, आधी एक्स-रे. साखरेच्या आजारात पायाला चटका कळत नाही, म्हणून गरम तेल नको, आणि तळव्याला जखम आहे का ते रोज बघा. ताप असेल, कातडीवर फोड असतील, तेव्हाही मालीश नको.

एवढं सोडलं तर बाकी अंग आपलंच आहे. पुष्कळ बाया म्हणतात, घरात सगळ्यांसमोर कुणाकडून पाठ चोळून घ्यायची लाज वाटते. मला त्यात लाजण्यासारखं काही दिसत नाही, पण अडचण समजते. म्हणून सुरुवात गटात करा. वसुली लिहून झाली, सह्या झाल्या की जोड्या लावा. आज हिनं तिची पाठ, पुढच्या वेळी तिनं हिची. वहीत लिहून ठेवा, म्हणजे एकीचाच हात राबणार नाही. पुढच्या मीटिंगला येताना एक जुना टॉवेल आणि वाटीत थोडं तेल घेऊन या.