जांभ्या मातीत मुळं का खुंटतात



शेतीवरच्या व्याख्यानात बहुधा पानांविषयी बोललं जातं, फळांविषयी, नाहीतर खतांविषयी. आज मला मुळाविषयी बोलायचं आहे, आणि तेही सगळ्या मुळाविषयी नाही. त्याच्या टोकाच्या दोन-तीन मिलिमीटरविषयी. जांभ्या जमिनीत रब्बीचं पीक साधणार की नाही, हे पुष्कळदा तेवढ्याशा भागात ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

मातीची आम्लता आपण सामूने मोजतो. ही पट्टी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन या शास्त्रज्ञाने मांडली. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल. पण इथली एक पायरी दहापटीची आहे. ६ सामूच्या मातीपेक्षा ५ सामूची माती दहापट आम्ल असते. अहवालात ५.५ च्या जागी ५ आलं तर आपल्याला अर्ध्या अंकाचा किरकोळ फरक वाटतो. प्रत्यक्षात आम्लता तिपटीहून जास्त झालेली असते.

तरीही आम्ल हा मुळाचा वैरी, असं सरसकट समजू नका. मूळ लांब होतं ते आम्लाच्याच मदतीने. टोकाच्या जरा मागच्या पेशी हायड्रोजनचे आयन बाहेर, स्वतःच्या भित्तिकेत सोडतात. भित्तिका आम्ल झाली की एक्सपान्सिन नावाची प्रथिनं कामाला लागतात, भित्तिकेचे धागे सैल होऊन सरकतात आणि आतल्या पाण्याच्या दाबाने पेशी ताणली जाते. अशा असंख्य पेशी ताणल्या गेल्या की टोक मातीत पुढे घुसतं. आम्लाने पेशी वाढतात ही कल्पना १९७० च्या सुमारास पुढे आली, आणि ही प्रथिनं १९९२ साली हाती लागली. स्वतः मोजून सोडलेलं, जागच्या जागी वापरलेलं आम्ल मुळाला हवंच असतं.

मग बिघडतं कुठे? बिघडतं ॲल्युमिनियममुळे. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ८ टक्के ॲल्युमिनियम आहे, आणि आपल्या जांभ्यात तर ते साचलेलंच आहे. कोकणातला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश धुऊन नेतो. मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं. रायगड-रत्नागिरीच्या सड्यांवर बॉक्साइट सापडतं ते याच कारणाने. सामू ५.५ च्या वर असेपर्यंत हे ॲल्युमिनियम मातीत घट्ट बांधलेलं असतं. त्याखाली ते पाण्यात विरघळू लागतं, आणि ५ च्या खाली विरघळलेलं ॲल्युमिनियम झपाट्याने वाढतं. ते नेमकं मुळाच्या टोकावर बसतं, भित्तिकेतल्या कॅल्शियमची जागा बळकावतं, भित्तिका ताठर करतं. संवेदनशील पिकात तासा-दोन तासांत वाढ मंदावलेली मोजता येते.

अशा जमिनीतलं वालाचं रोप काढून बघा. उपटू नका, ढेकळासकट कुदळीने काढा, बादलीत बुडवून ठेवा, माती आपोआप सुटू द्या. निरोगी मूळ पांढरं, बारीक, लांबसडक असतं, त्यावर केशमुळांची लव असते. आम्ल मातीतलं मूळ आखूड, जाड आणि ठिसूळ होतं. टोकं तपकिरी, किंचित फुगलेली. उपमुळं फुटलेली असतात, पण हळकुंडाच्या बोटांसारखी खुंटून राहिलेली. केशमुळं जवळपास नाहीतच. गाठी मोजक्या, कारण नत्र बांधणारे जिवाणूही आम्लतेला कंटाळतात, आणि त्या कामाला लागणारं मॉलिब्डेनम आम्ल मातीत सहजी मिळत नाही. स्फुरद दिला तर तो लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतो. वर पानं कोमेजलेली बघून आपण म्हणतो, पाणी कमी पडलं. वीतभर खाली ओल असते, पण तिथवर मूळ पोचलेलंच नसतं.

इथे कुणी विचारेल, याच खाचरात भात तर उत्तम येतो, ते कसं? प्रश्न रास्त आहे. एक तर भात हे ॲल्युमिनियम सोसण्यात तृणधान्यांत सगळ्यांत चिवट. दुसरं म्हणजे खाचरात पाणी तुंबलं की मातीतली हवा संपते, लोहाचं रूप पालटतं आणि त्या क्रियेत आम्ल खर्च होतं. काही आठवड्यांत सामू ६.५-७ च्या आसपास येतो. श्रावणात जी माती उदासीन, तीच मार्गशीर्षात पाणी आटल्यावर पुन्हा आम्ल. आणि नेमका तेव्हाच आपण वाल पेरतो! भात चांगला झाला म्हणून जमिनीत काही दोष नाही, हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा आहे.

काही गव्हांचं मूळ मात्र स्वतःचा बचाव करतं. टोकातून मॅलिक आम्लाचा अंश बाहेर सोडतं आणि ॲल्युमिनियमला बाहेरच जखडून टाकतं. याला कारण असलेलं जनुक २००४ साली जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं.

आम्लता आपणही वाढवतो. इंग्लंडात रॉथमस्टेड इथे १८५६ पासून एका कुरणावर प्रयोग चालू आहे. वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट दिलेल्या, चुना न दिलेल्या तुकड्यांत सामू ४ च्याही खाली गेला. मेलेलं गवत कुजेना, त्याचा जाड थर साचला, आणि गवताच्या मोजक्याच जाती उरल्या. अमोनियमचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं. युरियाही त्याच वाटेने जातो.

उपाय जुनाच आहे, चुना. ब्राझीलच्या सेराडो भागातली अफाट आम्ल माळरानं चुना आणि स्फुरद देऊन पिकाखाली आणली गेली. त्या कामासाठी लोबातो, मॅक्लंग आणि पाओलिनेली यांना २००६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. चुनखडीची बारीक पूड आम्ल खाते, ॲल्युमिनियमला पुन्हा बांधून टाकते. आपले लोक भाताच्या तरव्यासाठी झाडांचा पाला-फांद्या तोडून राब भाजतात, त्याची राखही आम्लता थोडी कमी करते. पण त्यापायी डोंगर बोडके झाले, तो मार्ग वाढवा असं मी सांगणार नाही. आणि घाटावरचे कुणी पाहुणे इथे असतील तर त्यांनी हे ऐकून काळ्या जमिनीत चुना टाकू नये. तिथे चुनखडी आधीच जास्त आहे आणि दुखणं उलट आहे.

पाऊस आता तोंडावर आला आहे. त्याआधी मातीचा नमुना काढा. बांध, झाडाची सावली, शेणखताच्या ढिगाची जागा सोडून आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करा, सावलीत वाळवा, अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. खाचराचा नमुना वेगळा, वरकसाचा वेगळा. जिथे वाल घेणार तिथला नमुना भात कापल्यावर पुन्हा एकदा काढा. अहवाल हाती आला की आधी सामूचा रकाना वाचा, चुना किती लागेल ते प्रयोगशाळेलाच विचारा, आणि आकडा ५.५ च्या खाली असेल तर खताची पोती आणण्याआधी चुन्याची सोय करा.