कोरडी वीज, डोंगरातला वणवा आणि आपण



वार्षिक समारंभात शिक्षक बोलायला उभा राहिला की तो अभ्यास, शिस्त आणि निकालाची टक्केवारी यांवर बोलणार, हे आपण गृहीत धरता. आज मी विषय थोडा बदलणार आहे. त्याला कारण झाली नववीतली एक विद्यार्थिनी. भूगोलाच्या तासाला तिने विचारले, "सर, वीज पडते तेव्हा पाऊसही पडतोच ना? मग विजेने लागलेली आग पावसाने विझत का नाही?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आपल्याकडे वळवाच्या सरींबरोबर विजा येतात आणि दहा मिनिटांत अंगण भिजून जाते. परंतु जगात असे डोंगराळ प्रदेश आहेत, की जेथे वीज येते आणि पाऊस येतच नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागातील रॉकी पर्वताचा प्रदेश हा त्यांपैकी एक. तेथे जुलै-ऑगस्टमध्ये कडक उन्हाळा असतो. डोंगरउतार तापतात, हवा वर चढते आणि ढग बनतात. पण त्या ढगांचा तळ जमिनीपासून फार उंच असतो. खालची हवा इतकी शुष्क असते की पावसाचे थेंब वाटेतच वाफ होऊन नाहीसे होतात. वीज मात्र जमिनीपर्यंत पोहोचते. जमिनीवर अडीच मिलिमीटरही पाऊस न पडता अशी वीज कोसळली, तर तिला साधारणपणे 'कोरडी वीज' म्हणतात.

एवढ्यावरच हे थांबत नाही. थेंबांची वाफ होताना हवा थंड व जड होते आणि वेगाने खाली कोसळते. म्हणजे ठिणगी टाकणारा ढगच वर फुंकरही घालतो! कधी कधी वीज झाडाच्या खोडात किंवा मुळाशी साचलेल्या पाचोळ्यात शिरते आणि तेथे आग कित्येक दिवस आतल्या आत धुमसत राहते. मग एखाद्या दुपारी वारा सुटला की ती बाहेर पडते. उष्णता, कोरडी हवा आणि जोराचा वारा या तीन गोष्टी एकत्र येणार असे दिसले, की तेथील हवामान खाते 'लाल निशाणा'चा इशारा देते.

इ. स. १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो आणि माँटाना या भागांत विजांनी व इतर कारणांनी लागलेल्या अनेक लहान आगी वादळी वाऱ्याने एक झाल्या आणि दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले. २०२० च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात काही दिवसांतच हजारो कोरड्या विजा पडल्या व शेकडो वणवे लागले. त्यांतले काही एकमेकांना मिळून झालेल्या एकाच वणव्याने १० लाख एकरांहून अधिक क्षेत्र जाळले.

आता डोंगराचे म्हणाल, तर सपाटीवरची आग आणि उतारावरची आग यांत मोठा फरक आहे. चढावर ज्वाला वरच्या गवताकडे झुकते, त्याला आधीच तापवून वाळवते. उतार दहा अंशांनी वाढला की वर जाणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ठोकताळा आहे. माणसाचे नेमके उलट. चढ वाढला की आपला वेग कमी होतो.

या संदर्भात मी आपणांस एक हकीकत सांगणार आहे. माँटाना राज्यात मिसुरी नदीच्या काठी मॅन गल्च नावाची एक घळ आहे. ४ ऑगस्ट १९४९ रोजी तेथे वीज पडून आग लागली. दुसऱ्या दिवशी हवाई छत्र्यांच्या साहाय्याने १५ जवान आग विझवण्यासाठी उतरले. जंगलखात्याचा एक रखवालदार आधीच तेथे होता. तुकडीचे नायक होते वॅग्नर डॉज, वय अवघे ३३. बाकीचे बहुतेक त्यांच्याहून लहान. एक तर १७ वर्षांचा. ते नदीच्या दिशेने खाली निघाले असताना आगीने घळ ओलांडून त्यांची वाट अडवली. सर्वजण मागे वळून चढावर पळू लागले. आग त्यांच्याहून वेगाने येत होती.

अशा वेळी डॉज थांबले. त्यांनी काडी ओढली आणि समोरचे गवत पेटवून दिले! ते जळून गेल्यावर त्या राखेत ते पालथे झोपले आणि इतरांनाही तेथे येण्यास त्यांनी सांगितले. कोणीही आले नाही. मागे आग असताना पुढे आग लावणारा माणूस त्यांना वेडा वाटला असेल. मोठी आग आली. पण राखेत जाळायला काही उरले नव्हते. डॉज वाचले. दोन तरुण कड्याच्या फटीतून पलीकडे निसटले. उरलेले १३ जण गेले.

यानंतर तेथे आगीच्या अभ्यासाला वेग आला. १९५७ मध्ये आग विझवणाऱ्यांसाठी दहा नियम तयार झाले, तर पुढे मिसूला येथे खास प्रयोगशाळा निघाली. डॉज यांची युक्ती गवताळ मैदानांतील आदिवासींना पूर्वीपासून ठाऊक होती. त्या तरुणांना मात्र ती कोणी शिकवली नव्हती आणि त्या क्षणी शिकवायला वेळ नव्हता.

आता मला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात मी आठवीच्या मुलांना घेऊन डोंगरावर सहलीला गेलो होतो. खालून गवताला आग लागली. मी, बी. ए., बी. एड. झालेला भूगोलाचा शिक्षक, मुलांना म्हणालो, "वर पळा!" तेवढ्यात एक गुराखी ओरडला, "मास्तर, वर नको! पोरांना घेऊन इकडं जळलेल्यात या!" बाजूला सकाळी जळून गेलेला काळा पट्टा होता. आम्ही त्यात जाऊन उभे राहिलो. आग दोन्ही बाजूंनी वर निघून गेली. मुलांना ठसका लागला, चपला तापल्या, इतकेच.

त्या संध्याकाळी पालकांना मी एवढेच सांगितले, की सहल छान झाली. ते अर्धे सत्य होते. आज पूर्ण सांगतो आणि त्या पालकांची क्षमा मागतो. त्या गुराख्याने कधी शाळेची पायरी चढली होती की नाही, मला ठाऊक नाही. माझ्या वर्गातली मुले त्याच्यामुळे घरी परतली.

मॅन गल्चची आग विजेने लागली होती. आपल्या सह्याद्रीतले बहुतेक वणवे मात्र माणसाच्या हातून लागतात. कोणी विडीचे थोटूक टाकतो, कोणी राब भाजताना आग आवरत नाही, तर कोणी गवत चांगले येईल म्हणून डोंगर पेटवतो. म्हणून काही गोष्टी आज घरी जाऊन मुलांशी बोला. डोंगरात आग दिसली तर ती पाहायला जाऊ नये. तिच्या वर किंवा घळीत कधीही थांबू नये. बाजूला, खाली, उघड्या कातळावर किंवा पूर्ण जळून विझलेल्या जागी जावे. स्वतः आग लावून डॉज यांचा प्रयोग करू नये. विजा होत असताना झाडाखाली उभे न राहता पक्क्या घरात जावे.

आणि पालकहो, मुलांना नियम सांगताना त्याचे कारणही सांगा. डॉज यांची त्या तरुणांशी फारशी ओळख नव्हती. संकटात मूल आपला शब्द ऐकेल की नाही, हे त्याआधी आपण त्याच्याशी किती बोललो आहोत यावर अवलंबून असते. त्या मुलीने प्रश्न विचारला म्हणून मला हे वाचावे लागले. आपल्या घरातही असे प्रश्न येतील. त्यांना "गप्प बैस" म्हणू नका, एवढीच माझी विनंती आहे.