बिनसेलचं घड्याळ
(एकलहरे येथील बैठकीतील भाषण)



इथे बसल्या जागेवरून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. 210 मेगावॅटचे तीन संच इथे उभे आहेत. चिमणीच्या सावलीतल्या शेतकऱ्यालाही पंपाची वीज पाळीनेच, निम्मा वेळ रात्रीच. मग नांदगाव-येवल्याच्या कोरडवाहूवाल्याने काय बोलावं? पण आज रडगाणं गायला आपण जमलो नाही. घरी करता येतील अशा आंदोलनाच्या हत्यारांबद्दल बोलायचं आहे.

1930 साली शिरोड्याला लोकांनी मीठ उचललं. हत्यार काय, तर मडकं आणि चूल. कायदा मोडणाऱ्याने तो सांगून मोडला, म्हणून सरकारची पंचाईत झाली. आकडा टाकणं आणि सत्याग्रह यांत फरक आहे तो एवढाच. आकडा रात्री टाकतात.

चरख्याची गोष्ट जास्त मोलाची. कपाशी आपली, सूत लँकेशायरच्या गिरण्यांचं, कापड पुन्हा आपल्याच अंगावर आणि भाव दोन्हीकडून त्यांचा. त्याविरुद्ध गांधीजींनी चरखा उभा केला. पण तो फार हळू चालतो हे त्यांनाही दिसत होतं. म्हणून 1929 साली चरखा संघाने एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. अटी ऐकण्यासारख्या आहेत. यंत्राची किंमत दीडशे रुपयांच्या आत, बाईमाणसाला आठ तास न थकता चालवता आलं पाहिजे, वीस वर्षं टिकलं पाहिजे, आणि दुरुस्तीचा खर्च वर्षाला किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. आज ट्रॅक्टर विकणाऱ्याला अशी अट घालून पाहा! किर्लोस्करवाडीलाही एक यंत्र तयार झालं, पण बक्षीस शेवटपर्यंत कोणालाच मिळालं नाही. लोकांच्या हातात राहिला तो पेटीत मावणारा, येरवड्याच्या तुरुंगात सुधारलेला चरखा. तो गावचा सुतारही दुरुस्त करू शकत होता. आमच्या मते बक्षिसाच्या यंत्रापेक्षा हेच मोठं काम झालं. मात्र कपाशी पिकवणाऱ्याच्या भावाचा हिशेब त्या चळवळीने कधी मांडला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

हिशेब मांडला की काय होतं, ते शेजारच्या निफाड तालुक्याने दाखवलं. नोव्हेंबर 2018 मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे 1,064 रुपये मिळाले. त्याने ते मनीऑर्डरने थेट पंतप्रधानांना पाठवले. वर मनीऑर्डरचा खर्च 54 रुपये. पैसे परत आले, पण आकडा देशभर गेला. मोर्चा नाही, दगड नाही. पोस्टाचा एक फॉर्म.

आता आपल्या विजेकडे येऊ. ज्या पंपाला मीटर नाही त्याची आकारणी अश्वशक्ती धरून होते. मोटार खरोखर किती फिरली ते पाहून नव्हे. कपाशीला दोन पाणी आणि ज्वारीला एखादं देणाऱ्याची विहीर उन्हाळ्यात दोन तासांत तळ दाखवते. ती मोटार कागदावर किती तास फिरत असेल? आता कोणी म्हणेल, साडेसात अश्वशक्तीपर्यंत एप्रिल 2024 पासून वीज मोफत आहे, कशाला हिशेब? अहो, मोफत आपल्याला. वीज कंपनीला सरकार पैसे मोजतं, आणि ते आपल्या नावावर लिहिले जातात. उद्या शहरातला माणूस 'शेतकरी फुकटे' म्हणणार, तेव्हा आपल्याकडे उत्तर काय?

उत्तर भिंतीवरच्या घड्याळात आहे. सेलचं साधं घड्याळ घ्यायचं आणि सेल काढून टाकायचा. जुना मोबाईल चार्जर पाच व्होल्ट देतो, घड्याळाला लागतात दीड. मधे एक रेझिस्टन्स आणि दोन डायोड घातले की भागतं. मोबाईल दुरुस्तीवाला हे जुळवून देतो. चार्जर स्टार्टरपाशी असा जोडायचा की मोटार फिरेल तेव्हाच घड्याळ चालेल. ही जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. आंदोलनात माणूस दगावायला नको. रोज सकाळी काटा कुठे आहे तो वहीत लिहायचा आणि पुन्हा बारावर आणायचा. पाच अश्वशक्तीची मोटार आठ तास फिरली तर ढोबळमानाने तीस युनिट, चार तास फिरली तर पंधरा. एवढं गणित पोरगंही करतं.

वीज नियामक आयोग दरवाढीच्या प्रस्तावावर जनसुनावणी घेतो. तिथे वकिलांचे कागद असतात. आपण घड्याळं घेऊन जाऊ. शंभर शेतकरी, शंभर घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ, आणि शेजारी वही. साहेबांना विचारू, यातली तुमच्या कागदावरची वेळ कोणती? लोक हसतील, हसू द्या. वही मात्र खरी पाहिजे. तास वाढवून लिहू नका, कमी करूनही नको. मोटार जळाली, रोहित्र उतरवून नेलं, तर तसं लिहा आणि तारीख टाका.

प्रत्येक गावाने निदान पाच विहिरींवर घड्याळ बसवावं, त्यांतल्या दोन तरी कोरडवाहूवाल्यांच्या असाव्यात. वह्या पुढच्या जिल्हा बैठकीला आणा.