तारेवर उमटलेली लोकधून : हलीम अल-दाब यांची स्वरसाधना



लोकसंगीत आणि यंत्र यांचा संबंध विरोधाचाच असतो, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. यंत्र आले की संबळ मुका होतो, तुणतुण्याची तार गंजते आणि गोंधळ्याच्या मुखातील कथा विरून जाते, अशी खंत वारंवार व्यक्त केली जाते. ही खंत निराधार नाही. तथापि, लोकधुनीची ओढ आणि यंत्राचे कुतूहल एकाच माणसाच्या ठायी नांदू शकतात, याचा एक विलक्षण दाखला ईजिप्तमध्ये आढळतो. तो दाखला म्हणजे हलीम अल-दाब यांचे जीवनकार्य.

विद्युत्-ध्वनींवर आधारलेल्या संगीताचा इतिहास सांगताना बहुधा पॅरिसपासून प्रारंभ केला जातो. तेथील नभोवाणीत काम करणाऱ्या पिएर शेफर यांनी १९४८ साली आगगाडीच्या ध्वनिमुद्रित आवाजांतून रचना सिद्ध केली आणि एका नव्या संगीतप्रकाराला नाव मिळवून दिले. परंतु त्यापूर्वी चार वर्षे, म्हणजे १९४४ साली, कैरो शहरात एका तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ध्वनिमुद्रित आवाजांवर संस्कार करून एक संपूर्ण रचना उभी केली होती. तिचा कच्चा माल होता तो ईजिप्तच्या लोकपरंपरेतील स्त्रियांचे गायन.

शेतीशास्त्राचा विद्यार्थी

हलीम अल-दाब यांचा जन्म ४ मार्च १९२१ रोजी कैरो येथे झाला. घरात संगीताची आवड होती. १९३२ साली कैरोमध्ये अरबी संगीताची मोठी परिषद भरली. हंगेरीचे बेला बार्टोक आणि जर्मनीचे पॉल हिंडेमिथ यांच्यासारखे संगीतकार तीस उपस्थित होते. अकरा वर्षांच्या हलीम यांना तेथील संगीत ऐकण्याची संधी लाभली. खेड्यापाड्यांतील गाणे हे अभ्यासाचा आणि आदराचा विषय असू शकते, हा संस्कार त्या वयात घडणे ही लहान गोष्ट नव्हे.

पुढे त्यांनी पदवी घेतली ती मात्र संगीताची नव्हे, तर कृषी अभियांत्रिकीची. १९४५ साली कैरो विद्यापीठातून ते पदवीधर झाले. शेतीच्या कामानिमित्त त्यांना ग्रामीण भागात हिंडावे लागे. शेताच्या बांधावर, लग्नघरी, अंत्यविधीच्या वेळी जे गाणे कानी पडे, ते त्यांनी मनात साठविले. संगीताची विद्या त्यांना अशा रीतीने दोन्हीकडून मिळत गेली. एकीकडे पियानोचे शिक्षण होते, तर दुसरीकडे दरबुका या हातवाद्याचा ताल होता.

'झार' म्हणजे काय?

ज्या विधीचे ध्वनिमुद्रण त्यांनी केले, त्याला 'झार' असे म्हणतात. ईजिप्त, सुदान आणि इथिओपिया या प्रदेशांत ही प्रथा प्रचलित आहे. एखाद्या व्यक्तीला, बहुधा स्त्रीला, अदृश्य शक्तीची बाधा झाली आहे असे मानून हा विधी केला जातो. त्या शक्तीला हुसकावून लावावयाचे नसते. तिला गाण्याने आणि तालाने संतुष्ट करावयाचे असते. डफ, ढोल, तंबोऱ्याचे नाव धारण करणारे पण तारांच्या चौकटीसारखे दिसणारे 'तंबूरा' हे वाद्य आणि कमरेला बांधावयाचा बकऱ्याच्या खुरांचा पट्टा यांच्या साथीने गाणे रंगत जाते, लय वाढत जाते आणि ती स्त्री घुमू लागते. देवीच्या जागरणात अंगात येण्याचा प्रकार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. घरकामाच्या आणि बंधनांच्या रहाटगाडग्यात पिचलेल्या स्त्रीला मन मोकळे करण्याची जागा या विधीने दिली, असेही अभ्यासकांनी नमूद केले आहे.

हा स्त्रियांचा मेळा असल्याने तेथे पुरुषांना सहसा प्रवेश नसे. अल-दाब आणि त्यांचा एक मित्र स्त्रियांप्रमाणे डोके झाकून आत शिरले, अशी आठवण त्यांनी स्वतःच पुढे सांगितली आहे. या प्रसंगाकडे केवळ गंमत म्हणून पाहता येणार नाही. त्यातून निर्माण होणाऱ्या प्रश्नाचा विचार पुढे करू.

तारेवरील ध्वनी

त्या काळी ध्वनिफितीचा प्रसार झालेला नव्हता. अल-दाब यांनी कैरोच्या एका नभोवाणी केंद्राकडून वायर रेकॉर्डर, म्हणजे तारेवर ध्वनी मुद्रित करणारे यंत्र, मिळविले. या यंत्राचे मूळ तत्त्व डेन्मार्कच्या वाल्देमार पोल्सेन यांनी १८९८ साली सिद्ध केले होते. ध्वनीचे रूपांतर विद्युत्-प्रवाहात होते, तो प्रवाह चुंबकात खेळविला जातो आणि त्या चुंबकासमोरून वेगाने सरकणाऱ्या केसासारख्या बारीक पोलादी तारेवर ध्वनीचा चुंबकीय ठसा उमटतो. तीच तार पुन्हा फिरविली की ठशाचे पुनश्च आवाजात रूपांतर होते. तार तुटली तर गाठ मारून जोडावी लागे, आणि गुंता झाला तर सारे श्रम वाया जात.

अशा ओबडधोबड साधनावर मुद्रित केलेला आवाज घेऊन अल-दाब नभोवाणी केंद्राच्या ध्वनिकक्षात गेले. तेथे प्रतिध्वनीसाठी स्वतंत्र दालन होते आणि भिंती हलवून ध्वनीचा घुमारा कमी-अधिक करण्याची सोय होती. मुद्रित गाणे त्या दालनात वाजवावयाचे, त्याचा घुमारा पुन्हा तारेवर घ्यावयाचा, विद्युत्-दाब बदलून काही स्वरांश क्षीण करावयाचे तर काही ठळक करावयाचे, अशी ही प्रक्रिया होती.

तिचा हेतू समजून घेण्यासाठी तानपुऱ्याचे उदाहरण उपयुक्त ठरेल. उत्तम जुळलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली असता मूळ षड्जाबरोबरच एक सूक्ष्म गंधार आपोआप ऐकू येतो. त्याला आपले गायक 'स्वयंभू गंधार' म्हणतात. प्रत्येक नैसर्गिक आवाजात मूळ स्वराच्या पोटी असे अनेक उपस्वर दडलेले असतात. आता कल्पना करावी की मूळ षड्ज मंद करीत नेला आणि केवळ ते उपस्वरच कानी येऊ लागले. अल-दाब यांनी झार गाणाऱ्या स्त्रियांच्या कंठस्वरांबाबत हेच केले. शब्द विरघळले, तालाचा आघात बोथट झाला आणि उरला तो दूरवरून येणाऱ्या लाटेसारखा एक गहिरा नाद. गाण्याच्या बाह्य रूपाच्या आत जे स्पंदन आहे, ते त्यांना हवे होते.

सुमारे वीस-पंचवीस मिनिटांची ही रचना १९४४ साली कैरोतील वायएमसीए संस्थेच्या कलादालनात ऐकविण्यात आली. 'झारची अभिव्यक्ती' या अर्थाचे नाव तिला देण्यात आले. जगाला मात्र तिची वार्ता फार उशिरा लागली. मूळ रचनेपैकी सुमारे दोन मिनिटांचा अंश २००० सालाच्या सुमारास ध्वनिचकतीवर प्रसिद्ध झाला, तेव्हा संगीताच्या इतिहासकारांना आपली कालगणना पुन्हा तपासावी लागली.

न्यूयॉर्कची प्रयोगशाळा

१९५० साली फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळवून अल-दाब अमेरिकेत गेले. तेथे त्यांनी अर्न्स्ट क्रेनेक आणि अ‍ॅरन कोपलँड यांच्याकडे अध्ययन केले. १९५८ साली विख्यात नर्तिका मार्था ग्रॅहॅम यांच्या 'क्लायटेम्नेस्ट्रा' या नृत्यनाट्यास त्यांनी संगीत दिले. पुढील वर्षी व्लादिमीर उसाचेव्हस्की यांच्या निमंत्रणावरून ते न्यूयॉर्कमधील कोलंबिया-प्रिन्स्टन इलेक्ट्रॉनिक संगीत केंद्रात काम करू लागले.

या केंद्रात एक खोली भरून टाकणारे महाकाय सिंथेसायझर यंत्र होते. तेथील अनेक संगीतकार गणिताच्या काटेकोर पद्धतीने स्वररचना करीत. अल-दाब यांचा मार्ग निराळा होता. मानवी आवाज, बासरी, तंतुवाद्ये आणि चर्मवाद्ये यांचे ध्वनिमुद्रण करून, त्याची गती बदलून आणि त्यात यंत्रनिर्मित स्वर मिसळून त्यांनी १९५९ साली 'लैला आणि कवी' ही रचना केली. लैला-मजनूची कथा भारतीय रसिकांस नवी नाही. १९६४ साली त्या केंद्रातील निवडक रचनांची जी ध्वनिमुद्रिका निघाली, तिच्यात या रचनेचा समावेश होता. नव्या यंत्रयुगाचे म्हणून जे संगीत जगापुढे आले, त्यात वाळवंटातील एक पुरातन कथा अशा प्रकारे सामावली गेली.

यंत्रात रमूनही अल-दाब लोकवाद्यांपासून दूर गेले नाहीत. दरबुका वाजविण्याच्या हस्ततंत्रावर त्यांचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. १९६२ पासून दोन वर्षे त्यांनी इथिओपियातील अदिस अबाबा येथील विद्यापीठात अध्यापन केले आणि तेथील पारंपरिक वादकांना एकत्र आणले. गिझाच्या पिरॅमिडांपाशी १९६१ साली सुरू झालेल्या ध्वनि-प्रकाश प्रयोगाचे संगीतही त्यांचेच. १९६९ ते १९९१ या काळात ते ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात प्राध्यापक होते. केंट येथेच २ सप्टेंबर २०१७ रोजी, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

भारतातील प्रयोग

आपल्या देशातही या वाटेवर पावले पडली आहेत. १९५४ साली मुंबईच्या चित्रसृष्टीत 'नागिन' हा बोलपट आला. हेमंतकुमार यांच्या संगीतातील गारुड्याच्या पुंगीने देशाला वेड लावले. प्रत्यक्षात तो स्वर होता क्लॅव्हिओलिन या विद्युत्-वाद्याचा, आणि तो वाजविला होता कल्याणजी यांनी. पुंगीचा हेल आणि तिची नादमयता ज्याच्या कानात मुरलेली आहे, तोच यंत्रातून पुंगी बोलवू शकतो, हे यावरून दिसते.

अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनिक संगीताचा कक्ष उभा राहिला. गीता साराभाई आदींनी तेथे प्रयोग केले. ते काम दीर्घकाळ विस्मृतीत गेले. फिती कपाटात पडून होत्या. त्या सापडून त्यांतील संगीत रसिकांपर्यंत पोहोचावयास २०२३ साल उजाडावे लागले. जतन केले नाही तर नवे संगीतही जुन्याइतक्याच सहजतेने नष्ट होते, हा यातील धडा आहे.

कोणाचे गाणे, कोणाचे नाव?

आता मघाच्या प्रश्नाकडे वळावयास हवे. १९४४ सालच्या त्या रचनेवर नाव आहे ते संगीतकाराचे, आणि ते योग्यच आहे. कारण संस्कार त्याचे आहेत, दृष्टी त्याची आहे. पण ज्या कंठांतून तो नाद निघाला, त्या स्त्रियांचे काय? वेषांतर करून टिपलेल्या आवाजावर त्यांची अनुमती घेतली गेली नव्हती, हे उघड आहे. अल-दाब यांच्या मनात झारविषयी आदर होता. या विधीची टवाळी त्यांनी केली नाही. परंतु आदर आणि अनुमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीने दुसरीची उणीव भरून निघत नाही.

कैरोमध्येच या प्रश्नाचे एक उत्तर पुढील पिढीत मिळाले. 'मझाहेर' या संचातील स्त्रिया कैरोतील 'माकान' या सांस्कृतिक केंद्रात झारचे गायन स्वतःच्या नावाने, स्वतःच्या इच्छेने श्रोत्यांपुढे सादर करू लागल्या. लोककला आणि आधुनिक रंगमंच यांच्यात जो करार व्हावयास हवा, त्याची ही एक रीत म्हणता येईल.

महाराष्ट्रातील तरुण संगीतकारांच्या हाती आज संगणक आहे. जे साधण्यासाठी अल-दाब यांना भिंती सरकवाव्या लागल्या, ते आता बोटाच्या एका स्पर्शाने साधते. गोंधळ, भारूड, वासुदेवाची गाणी, जात्यावरच्या ओव्या, आदिवासींचा तारपा हे सारे त्यांच्यासाठी खुले भांडार आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भांडाराला धनी आहेत. म्हणून काही साधे नियम पाळले जाणे अगत्याचे ठरते. ध्वनिमुद्रणापूर्वी कलावंताची अनुमती घ्यावी. त्याचे नाव, गाव, दिनांक, वाद्याचे नाव आणि गाण्याचा प्रसंग यांची नोंद ठेवावी. मूळ ध्वनिमुद्रण कोणताही संस्कार न करता वेगळे जतन करावे. नव्या रचनेवर मूळ गायकाचे नाव द्यावे आणि त्यातून प्राप्ती झाल्यास त्याचा वाटा त्याच्या घरी पोहोचवावा.

हे घडले तर यंत्राचे भय बाळगण्याचे कारण उरणार नाही. जात्यावर बसून ओवी गाणाऱ्या वृद्ध मातेचा आवाज एखाद्या नव्या रचनेत मिसळलेला ऐकू येईल, तेव्हा तिच्या नातवंडांना तो ओळखता यावा आणि तिचे नावही वाचता यावे, एवढी काळजी नव्या संगीतकाराने घेतली पाहिजे. कैरोच्या त्या तारेवर स्त्रियांचा नाद उमटला. त्यांची नावे उमटली नाहीत. ही उणीव भरून काढण्याची संधी आजच्या पिढीला लाभली आहे.